परदेशात मुलांची गरम न्याहारी : पाकिटावरचे नाव बदलते, धान्य तेच

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारासाठी पर्यटकांना परिचित आहे. जंगल, तलाव आणि धानाच्या बांध्या ही या परिसराची ओळख. पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात लहान मुलाची न्याहारी बहुधा तांदळाशीच जोडलेली असते. पेज, मऊ भात किंवा पोहे. कोकणात उकड्या तांदळाची पेज, देशावर ज्वारीच्या कण्या, सह्याद्रीच्या पट्ट्यात नाचणीचे सत्त्व आणि शहरी घरांत रव्याची खीर, उपमा किंवा गव्हाची लापशी. प्रदेशागणिक धान्य बदलते. सकाळी मुलापुढे काहीतरी गरम, मऊ आणि चमच्याने खाता येईल असे ठेवायचे, ही रीत मात्र महाराष्ट्रभर सारखीच आहे.

नोकरी किंवा शिक्षणानिमित्त कुटुंब परदेशी जाते तेव्हा या साध्या रीतीलाच पहिला धक्का बसतो. घर मिळते, शाळा मिळते, मोठी माणसे पावावर दिवस काढतात. तीन-चार वर्षांचे मूल मात्र सकाळच्या वाटीकडे पाहून तोंड फिरवते. तेथील मोठ्या दुकानांत 'सीरिअल'ची लांबलचक रांग असते, पण त्यातील बहुतेक प्रकार थंड दुधात घालून खायचे, कुरकुरीत आणि गोड असतात. शिजवून खायची धान्ये त्याच रांगेच्या एखाद्या कोपऱ्यात असतात आणि त्यांची नावे ओळखीची नसतात. उपाशीपोटी शाळेत गेलेले मूल आणि दिवसभर त्याची काळजी करणारे पालक, हे चित्र स्थलांतराच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेक घरांत दिसते.

वस्तुतः आपल्या न्याहारीतील जवळजवळ प्रत्येक धान्य जगाच्या बहुतेक भागांत मिळते. ते वेगळ्या नावाने, वेगळ्या दुकानात किंवा थोड्या वेगळ्या दळणात असते, इतकेच. त्यामुळे पाकीट हाती घेताना तीन प्रश्न विचारावेत. धान्य कोणते आहे? ते किती जाड किंवा बारीक दळले आहे? आणि ते आधी वाफवलेले किंवा शिजवलेले आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पाकिटावरच्या नावाला फारसे महत्त्व उरत नाही.

रवा : क्रीम ऑफ व्हीट ते ग्रीस

अमेरिकेत रव्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे 'फॅरिना'. कठीण गव्हाचे पीठ काढताना मिळणारा हा कणीदार भाग. याच फॅरिनाचे 'क्रीम ऑफ व्हीट' हे उत्पादन १८९३ साली नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथील एका पीठगिरणीत जन्माला आले. भारतीय किराणा दुकाने तुरळक होती, त्या काळात अमेरिकेत गेलेल्या अनेक भारतीय कुटुंबांनी याच डब्यातून शिरा आणि उपमा केला. आजही आडगावी राहणाऱ्या कुटुंबाला तो आधार ठरतो.

हा डबा घेताना शिजण्याची वेळ पाहावी. दहा मिनिटांचा, अडीच मिनिटांचा, एक मिनिटाचा आणि 'इन्स्टंट' असे त्याचे प्रकार असतात. खीर किंवा पातळ सांजा करायचा असल्यास पहिले दोन प्रकार चांगले. 'इन्स्टंट' प्रकाराची पाणी लागताच लापी होते, त्यामुळे उपम्यासाठी तो निरुपयोगी आहे. फॅरिना आपल्या रव्यापेक्षा मऊ शिजते. म्हणून ती तुपावर नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ भाजावी आणि पाणी जपून घालावे. या डब्यातील फॅरिनात लोह मिसळलेले असते, हा लहान मुलांच्या दृष्टीने लाभच आहे.

अमेरिकेत 'सेमोलिना' म्हणून मिळते ते बहुधा पास्त्यासाठीचे, पिठासारखे बारीक दळलेले ड्युरम गव्हाचे पीठ असते. नावावर विसंबून ते आणल्यास उपम्याचा गोळा होतो. ब्रिटनमध्ये मात्र 'सेमोलिना' म्हणजे कणीदार रवाच. दुधात शिजवलेला गोड सेमोलिना हा तेथील शाळांतील भोजनाचा अनेक वर्षांचा परिचित पदार्थ आहे, म्हणजे आपल्या रव्याच्या खिरीचा भाऊच.

जर्मनीत रव्याला 'ग्रीस' म्हणतात. तेथे मऊ गव्हाचा 'वाइशवाइत्सनग्रीस' आणि कठीण गव्हाचा 'हार्टवाइत्सनग्रीस' असे दोन प्रकार सर्रास मिळतात. पहिला खिरीसाठी आणि दुसरा उपम्यासाठी घ्यावा. दुधात शिजवून वर साखर-दालचिनी घातलेली 'ग्रीसब्राय' ही जर्मन घरांतील मुलांची आवडती वाटी आहे. स्वीडनमध्ये 'मान्नाग्रीन', नेदरलँड्समध्ये 'ग्रीसमेल' आणि रशियन दुकानांत 'मान्का' या नावांनी रवाच विकला जातो. त्यामुळे रव्यासाठी युरोपात भारतीय दुकान शोधण्याची गरज सहसा पडत नाही.

लापशी : बुलगुर म्हणजे दलिया नव्हे

गव्हाच्या दलियाबाबत मात्र गफलत होण्याची शक्यता अधिक. तुर्की आणि अरबी दुकानांत 'बुलगुर' किंवा 'बुरगुल' दिसायला हुबेहूब आपल्या दलियासारखा असतो. परंतु तो गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. त्यामुळे तो लवकर शिजतो आणि त्याचे दाणे सुटे राहतात. भाज्या घालून केलेल्या मोकळ्या खिचडीसाठी तो उत्तम आहे. दूध-गुळाच्या दाटसर, एकजीव लापशीसाठी मात्र त्याचा उपयोग मर्यादित.

खरा दलिया हवा असल्यास अमेरिकेत 'क्रॅक्ड व्हीट' आणि अरबी दुकानांत 'जरीश' मागावा. हा न उकडलेला, भरडलेला गहू असतो. भारतीय दुकानांतही येथे एक अडचण येते. परदेशातील अनेक भारतीय किराणा दुकाने गुजराती व्यापाऱ्यांची असल्याने तेथे लापशीच्या गव्हाला 'फाडा' म्हणतात. पोह्यांना 'पौंआ' आणि नाचणीला 'नागली' हीही गुजराती नावे ध्यानात ठेवावीत. उत्तर भारतीय पद्धतीच्या दुकानांत रव्याला 'सूजी', तर दक्षिण भारतीय दुकानांत नाचणीला 'रागी' म्हणतात. मराठी नावाने विचारल्यावर 'नाही' असे उत्तर आले, तरी वस्तू त्याच फडताळावर असू शकते.

तांदूळ : कणी शोधावी व्हिएतनामी दुकानात

पूर्व विदर्भातील कुटुंबांना सर्वाधिक आठवण येते ती तांदळाची. परदेशातील मोठ्या दुकानांत भारतीय तांदूळ म्हणून बासमती मांडलेला असतो. पुलावासाठी तो नामवंत असला, तरी पेजेसाठी योग्य नाही. त्याचा दाणा फुटून पाण्यात सहज एकजीव होत नाही. भारतीय दुकानांतील सोना मसुरी हा त्याहून चांगला पर्याय. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून विकसित केलेले 'एचएमटी' वाण विदर्भात घरोघरी पोहोचले. त्या बारीक तांदळाच्या मऊ भाताची सवय असलेल्या मुलाला सोना मसुरीचा भात फारसा परका वाटत नाही.

पेजेसाठी तांदळाची कणी, विदर्भाच्या बोलीतील कनकी, हवी असेल तर ती व्हिएतनामी, थाई किंवा पश्चिम आफ्रिकी दुकानांत 'ब्रोकन राइस' या नावाने मिळते. व्हिएतनाम आणि सेनेगलमध्ये तुकडा तांदूळ आवडीने खाल्ला जातो. त्यामुळे तेथे तो गिरणीतील दुय्यम माल म्हणून विकला जात नाही, तर निवडून, स्वच्छ करून विकला जातो. युरोपात 'पुडिंग राइस' किंवा जर्मनीत 'मिल्शराइस' नावाचा आखूड दाण्याचा तांदूळ तांदळाच्या खिरीसाठी चांगला लागतो. ब्रिटनमधील 'ग्राउंड राइस' म्हणजे तांदळाचा रवा. तो बाळाच्या पातळ पेजेला चालतो.

पूर्व आणि आग्नेय आशियात गेलेल्या कुटुंबांना तर पेजेसाठी शोध घ्यावाच लागत नाही. जपानमध्ये 'ओकायू' आणि चिनी वस्तीत 'काँजी' या नावांनी पेजच खाल्ली जाते. 'काँजी' हा शब्दही मूळचा तमिळ 'कंजी'. सिंगापूरमध्ये 'पॉरिज' म्हटले की ओट्सऐवजी तांदळाची पेजच पुढे येण्याचा संभव अधिक. ती बहुधा मांस किंवा माशांच्या रसात शिजवलेली असते, हे शाकाहारी कुटुंबांनी आधी विचारून घ्यावे. या देशांतील विजेवरच्या भातकुकरांत पेजेसाठी वेगळी कळ आणि वेळ लावण्याची सोय असते. रात्री तांदूळ-पाणी घालून ठेवले की सकाळी पेज तयार. दूध मात्र रात्री घालू नये.

तांदळाबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. भाताचे पीक जमिनीतील व पाण्यातील आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा अधिक शोषते. त्यामुळे युरोपीय संघाने लहान मुलांच्या अन्नासाठी वापरायच्या तांदळात अजैविक आर्सेनिकची मर्यादा किलोमागे ०.१० मिलिग्रॅम ठरविली आणि ती २०१६ पासून लागू झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही ऑगस्ट २०२० मध्ये बाळांच्या तांदूळ-सीरिअलसाठी तेवढीच पातळी निश्चित केली. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी तांदळाचे पेय देऊ नये, असा सल्ला दिला जातो.

यामुळे पेज बंद करण्याचे कारण नाही. तांदूळ भरपूर पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात पेज करावी. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासलेल्या अशाच पद्धतीने तांदळातील निम्म्याहून अधिक आर्सेनिक कमी झाल्याचे दिसून आले. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. आठवडाभर रोज तांदूळच न देता रवा, ओट्स, नाचणी आणि दलिया आलटून पालटून द्यावेत.

नाचणी : 'मिलेट' या शब्दाने फसू नये

सर्वांत मोठी चूक होते ती नाचणीच्या बाबतीत. परदेशी दुकानात 'मिलेट' किंवा जर्मनीत 'हिर्से' लिहिलेले पाकीट मिळते आणि पालक नाचणी मिळाल्याच्या समाधानात ते घरी आणतात. ते पिवळसर, गोल दाण्याचे धान्य बहुधा 'प्रोसो मिलेट' असते. ते पौष्टिक आहे, पण ती नाचणी नव्हे.

हा फरक चवीपुरता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते अवघे सात-आठ मिलिग्रॅम आणि प्रोसो मिलेटमध्येही नगण्यच. दूध न पिणाऱ्या मुलाला कॅल्शियमसाठी नाचणी दिली जात असेल, तर 'मिलेट'च्या पाकिटाने ती गरज भागत नाही. आणि पालकांच्या ते लक्षातही येत नाही.

पाकिटावर 'फिंगर मिलेट' हे दोन्ही शब्द असल्याची खात्री करावी. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातील पीक असून ती फार प्राचीन काळी भारतात आली. म्हणूनच आफ्रिकी दुकानांत ती हमखास मिळते. केनिया-टांझानियाच्या स्वाहिली भाषेत तिला 'विंबी', तर झिंबाब्वेत 'रापोको' म्हणतात. 'उजी' ही केनियातील मुलांची गरम, पातळ लापशी अनेकदा नाचणीच्या पिठाचीच असते. नेपाळी दुकानांतही नाचणी असते, मात्र तेथे तिचे नाव 'कोदो'. गोंदिया-गडचिरोली भागातील वाचकांना हे नाव चकवू शकते, कारण आपल्याकडचा कोदो हे अगदी वेगळे धान्य आहे.

नाचणी कोठेच न मिळाल्यास इथिओपियाचे 'टेफ' हे त्यातल्या त्यात जवळचे धान्य. त्याच्या तपकिरी प्रकाराचा रंग नाचणीची आठवण देतो आणि १०० ग्रॅममध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

सत्त्व घरीही करता येते. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत किंवा ओव्हनच्या अगदी मंद आचेवर वाळवावी, हलकी भाजून दळावी आणि चाळावी. थंड देशांत मोड येण्यास दोन-तीन दिवस लागू शकतात. दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये भांडे ठेवल्यास पुरेशी ऊब मिळते. मोड आलेल्या धान्याच्या पिठात पिष्ट पातळ करणारे विकर तयार होते. त्यामुळे दाट लापशीत असे न भाजलेले पीठ चमचाभर घातले आणि पुन्हा मंद आचेवर शिजवले, तर ती पातळ होते, पण तिच्यातील अन्नांश कमी होत नाही. पोट लहान असलेल्या बाळासाठी ही युक्ती मोलाची आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात या विषयावर महत्त्वाचे संशोधन झाले. आजीच्या सत्त्वामागचे शास्त्र ते हेच.

पोहे आणि ओट्स

पोहे भारतीय, नेपाळी आणि बांगलादेशी दुकानांत सहज मिळतात. नेपाळी 'चिउरा' थोडा कडक असतो, तो अधिक वेळ भिजवावा लागतो. ब्रिटनमधील 'फ्लेक्ड राइस' पोह्यांसारखा दिसला तरी तो खिरीसाठी असतो. फोडणीत घातल्यास त्याचा लगदा होतो. दूध-पोह्यांना मात्र तो चालून जातो. नागपूर-गोंदियाकडची तर्री मोठ्यांसाठी राखून ठेवून मुलांना साधे, कमी तिखटाचे पोहे गरम दुधासोबत दिल्यास शाळेच्या घाईतही पोटभर न्याहारी होते.

ओट्स हे पाश्चात्त्य देशांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे गरम धान्य. त्यातही जाडीनुसार प्रकार आहेत. 'स्टील कट' किंवा 'पिनहेड' म्हणजे तुकडे केलेले दाणे, शिजायला अर्धा तास. 'रोल्ड' म्हणजे चपटे केलेले, पाच-दहा मिनिटांत शिजणारे. 'क्विक' आणि 'इन्स्टंट' त्याहून बारीक. उपमा करायचा तर रोल्ड ओट्स कोरडे भाजून घ्यावेत, म्हणजे चिकटपणा कमी होतो. मोहरी, कढीपत्ता, किसलेले गाजर आणि मटार घातलेला ओट्सचा उपमा भारतीय मुलांना दुधातल्या ओट्सपेक्षा लवकर रुचतो. चव लावलेल्या लहान पुड्यांत साखर बरीच असते. साधे ओट्स आणून त्यात केळे कुस्करणे अधिक चांगले.

ब्रिटनमध्ये 'रेडी ब्रेक' नावाचे, १९५७ पासून मिळणारे बारीक ओट्सचे सीरिअल गरम दुधात क्षणात मऊ होते. 'वीटाबिक्स'च्या गव्हाच्या वड्याही थंडच खाल्ल्या पाहिजेत असे नाही. गरम दूध ओतले की त्यांची लापशी होते. घाईच्या सकाळी हे दोन्ही पर्याय उपयोगी आहेत.

दूध, तूप आणि गूळ

कित्येकदा धान्य अचूक मिळूनही मूल 'हे आपल्या घरच्यासारखे नाही' म्हणते. त्याचे कारण दुधात असते. महाराष्ट्रात अनेक घरांत म्हशीचे दूध येते, त्यात सहा ते सात टक्के स्निग्धांश असतो. अमेरिकेतील 'होल मिल्क' गाईचे असून त्यात सव्वातीन टक्के स्निग्धांश असतो. 'स्किम' दूध तर पाण्यासारखेच लागते. त्यामुळे मुलांसाठी पूर्ण स्निग्धांशाचे दूध निवडावे. ब्रिटनमध्ये त्याचे झाकण सहसा निळे असते. ते थोडे आटवावे आणि वाटीत अर्धा चमचा तूप सोडावे.

तूप न मिळाल्यास मीठविरहित लोणी मंद आचेवर कढवावे. जर्मनीत 'बुटरश्माल्त्स' नावाचे कढवलेले लोणी कोणत्याही दुकानात असते. गुळाला लॅटिन अमेरिकी दुकानांत जोड सापडते. मेक्सिकोचा 'पिलोन्सियो' आणि कोलंबियाचा 'पानेला' हे उसाच्या रसाचे, न शुद्ध केलेले खडेच आहेत. गूळ गरम दुधात घातल्यास दूध फाटू शकते. लापशी आचेवरून उतरवून थोडी निवल्यावरच तो घालावा.

भारतीय दुकान आणि मंडळाचा आधार

भारतीय किराण्याचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर १९७४ साली सुरू झालेल्या 'पटेल ब्रदर्स'चा पुढे अमेरिकाभर विस्तार झाला. न्यू जर्सीतील एडिसनचा ओक ट्री रोड, लंडनमधील साउथॉल आणि वेम्बली, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड, सिडनीतील हॅरिस पार्क, सिंगापूरची लिटल इंडिया या पेठांत महाराष्ट्रातील गावात न मिळणारी पिठेही मिळतात. आखाती देशांत तर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही भारतीय माल असतो.

नव्या शहरात काय कोठे मिळते, याची खरी माहिती मात्र तेथे आधी आलेल्या कुटुंबांकडेच असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, तर उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. स्थानिक मंडळाच्या गणेशोत्सवात एखादी ओळख झाली, तरी नाचणीच्या पिठाचा पत्ता मिळतो आणि मुलाला सवंगडीही.

बॅगेतून काय नेता येते?

सोबत घरचा तांदूळ न्यावा, असे आजी-आजोबांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चोरखमाऱ्यासारख्या गावातील शेताचा तांदूळ प्रवाशाच्या बॅगेतून अमेरिकेत जाऊ शकत नाही. कारण आहे 'खापरा' हा साठवणीच्या धान्यातील कीटक. त्याचे इंग्रजी नावही भारतीय भाषांतूनच गेले आहे. या किडीचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यास अमेरिकेने २०११ पासून मनाई केली असून त्यांत भारताचा समावेश आहे. ऑस्ट्रेलियानेही ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातून तांदूळ, हरभरा यांसारखे जोखमीचे धान्य आणण्यावर बंदी घातली.

न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ जाहीर न केल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. युरोपीय संघात बाहेरील देशांतून दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यामुळे दूध पावडर घातलेली तयार खिरीची पाकिटेही अडचणीत आणू शकतात.

सत्त्व, भाजणी किंवा मेतकूट न्यायचे असल्यास ते कारखान्यात सीलबंद केलेल्या, घटकांची इंग्रजी यादी छापलेल्या पाकिटात न्यावे. घरच्या डब्यातील बिननावाचे पीठ तपासणी अधिकाऱ्याला समजावून सांगणे कठीण जाते. प्रवासापूर्वी त्या देशाचे ताजे नियम पाहावेत आणि विमानतळावरील अर्जात खाद्यपदार्थ आवर्जून नमूद करावेत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, दंड होतो तो लपविल्याबद्दल.

तान्ह्या बाळांसाठी

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाच्या बाबतीत नावाजलेल्या कंपनीचा ओळखीचा डबा पाहून निश्चिंत होऊ नये. एकाच नावाचे उत्पादन देशोदेशी सारखे असतेच असे नाही. स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' या संस्थेने एप्रिल २०२४ च्या अहवालात, भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वाढणीमागे सरासरी जवळपास तीन ग्रॅम साखर घातलेली आढळल्याचे आणि जर्मनी व ब्रिटनमध्ये त्याच उत्पादनात ती नसल्याचे म्हटले होते. आपण नियमांचे पालन करतो आणि साखरेचे प्रमाण घटविले आहे, असे नेस्ले कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षी कंपनीने परिष्कृत साखर न घातलेले प्रकार भारतात आणण्याची घोषणाही केली. भारतातील गोड चवीची सवय झालेले बाळ युरोपातील डब्याला नाक मुरडत असेल, तर त्याचे कारण असे साधे असू शकते. अशा वेळी साखर वाढवण्याऐवजी पिकलेले केळे किंवा शिजवलेले सफरचंद मिसळावे.

एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. त्यातून गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो. सत्त्वात बदाम-काजू दळलेले असतील तर पाळणाघराला तसे आधी सांगावे, कारण परदेशातील अनेक पाळणाघरे आणि शाळांत सुकामेव्याच्या ॲलर्जीमुळे असे पदार्थ आणण्यास बंदी असते.

सवय बदलताना

दोन ते सहा वर्षे हे वय नव्या अन्नाविषयी सर्वाधिक संशयी असते. एखादा नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाने तो दहा-पंधरा वेळाही नाकारावा, हे बालपोषणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. धान्य नवे असेल तर दूध, तूप, गोडी आणि वाटी जुनीच ठेवावी. पहिल्या आठवड्यात रव्याच्या खिरीत चतुर्थांश ओट्स, पुढे निम्मे, असे प्रमाण वाढवावे. चमच्याला लागणारी दाटी मुले चवीइतकीच ओळखतात. घरची पेज पातळ असेल तर परदेशातील पेजही तितकीच पातळ करावी. घरून निघण्यापूर्वी मुलाच्या नेहमीच्या न्याहारीचे प्रमाण, कोणत्या वाटीने किती धान्य आणि किती पाणी, हे लिहून नेले तर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

शाळेत मित्रांचे पाहून मूल थंड सीरिअल मागू लागले, तर तेही आठवड्यातून एक-दोन दिवस देण्यास हरकत नाही. परक्या देशात मिसळून जाणे हीसुद्धा मुलाची गरजच असते. मात्र उरलेल्या दिवशी सकाळच्या वाटीतून वाफ निघत राहिली, तर घराशी असलेला त्याचा धागाही टिकतो. हिवाळ्याच्या अंधाऱ्या सकाळी शाळेला निघणाऱ्या मुलासाठी ती वाफ सोना मसुरीच्या पेजेची आहे, केनियाच्या विंबीची आहे की जर्मन ग्रीसची, याने फारसा फरक पडत नाही. पोट भरलेले असावे आणि चव ओळखीची असावी, एवढेच पुरेसे आहे.